एकाच जाजमावर: महिला ग्रामसभा सगळ्या बायकांची कशी करावी

१४ जानेवारी १८५२ रोजी पुण्यात सावित्रीबाई फुले यांच्या महिला सेवा मंडळाने तिळगूळ समारंभ ठेवला. निमंत्रणात एक गोष्ट ठळक होती: येणाऱ्या स्त्रिया कोणत्याही जातीच्या असोत, सगळ्यांना एकाच जाजमावर बसवले जाईल. संक्रांतीला बायका जमतातच, ती रीत हाताशी होती. सावित्रीबाईंनी तिच्यातली शिवाशिव काढून टाकली. मागण्या आणि भाषणे नंतरची. आधी बसायची जागा बदलली.

आज महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावाला असे एक जाजम कायद्यानेच दिलेले आहे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या (मूळचा १९५८ चा मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, आता महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम) कलम ७ नुसार नियमित ग्रामसभेच्या आधी गावातल्या महिला मतदारांची वेगळी सभा घ्यावी लागते. हीच महिला ग्रामसभा. १९९३ मध्ये ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतीतल्या एक तृतीयांश जागा बायकांना मिळाल्या. २०११ पासून महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या. पण निवडून जाणाऱ्या बायका मोजक्याच असतात. महिला ग्रामसभेत मात्र गावातली प्रत्येक महिला मतदार हक्काने बसू शकते, मग ती मजूर असो, परित्यक्ता असो की कालपरवा लग्न होऊन आलेली सून. समतेसाठी एकत्र येण्याची इतकी मोठी जागा दुसरी नाही, आणि इतकी वाया जाणारीही नाही.

वाया कशी जाते, तेही ठाऊक असावे. सभा सकाळी ११ वाजता ठेवतात, तेव्हा मजुरीच्या बायका शेतात असतात. जागा देवळाचा सभामंडप असते, म्हणजे पाळी चालू असलेल्या, मुस्लिम आणि बऱ्याच दलित बायका आपोआप बाहेर. निरोप बचत गटाच्या अध्यक्षांना जातो, त्या आपापल्या गटाला सांगतात. ज्या कुठल्याच गटात नाहीत (म्हणजे बहुतेक वेळा सर्वांत गरीब) त्यांना सभा होऊन गेल्यावर कळते. पंधरावीस जणी येतात, फोटो निघतो, आणि दोन दिवसांनी शिपाई सह्यांची वही घेऊन घरोघरी फिरतो. वहीत ११८ सह्या. कागदावर सभा उत्तम झालेली असते.

खाली दिलेले काम चार-पाच आठवड्यांचे आहे. एका बाईकडून ते होणार नाही. प्रत्येक वस्तीतली निदान एक जण असलेला सहा ते दहा जणींचा गट लागतो. गटात एकाच भावकीच्या किंवा एकाच आळीच्या बायका असतील तर आधी गट बदला, मग पुढचे वाचा.

पहिले काम: कोण येत नाही त्याची यादी

ग्रामपंचायतीकडून मतदार यादीची प्रत घ्या आणि वस्तीवार फोडा: गावठाण, दलित वस्ती, तांडा, पाडा, मळ्यातली घरे, वीटभट्टी किंवा कारखान्याजवळची पाले. मागच्या दोन सभांच्या हजेरीची पाने शेजारी ठेवा. हजर असलेल्या प्रत्येक नावासमोर टिंब द्या. यादीवर टिंबांचे पुंजके दिसू लागतील, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मोकळी पाने दिसतील. ज्या पानावर एकही टिंब नाही त्या वस्तीत पहिली बैठक घ्यायची.

यादीत नावच नसलेल्या बायकांची दुसरी यादी हाताने करा. ग्रामसभेची सदस्य होण्यासाठी गावच्या मतदार यादीत नाव लागते. लग्न होऊन आलेल्या बाईचे नाव बहुधा माहेरी असते. ते इकडे आणायला नमुना ८ चा अर्ज, आणि नाव कुठेच नसेल तर नमुना ६. अर्ज मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे द्यायचा, म्हणजे बहुतेक गावांत शाळेतले शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका. वयाची १८ वर्षे मोजायला आता वर्षात चार तारखा धरतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. नावाला वेळ लागतो, म्हणून हे काम सर्वांत आधी. नाव लागेपर्यंत त्या बाईला सभेत बसवा आणि तिचे म्हणणे वस्तीच्या मांडणीत घ्या. फक्त ठरावाच्या सह्यांत तिचे नाव नको, नाहीतर त्या एका सहीवरून पूर्ण ठरावावर हरकत घेतली जाते.

या यादीत काही बायका दरवेळी सुटतात. आजारी सासूजवळ बांधल्या गेलेल्या. नवऱ्याने टाकलेल्या आणि माहेरी भावाच्या घरी राहणाऱ्या. अंध, कर्णबधिर आणि चालता न येणाऱ्या. पारधी वस्तीतल्या. देहविक्रीचा व्यवसाय करणाऱ्या किंवा केलेल्या, ज्यांचे नाव घेतले की बाकीच्या गप्प होतात. आणि ऊसतोडीला जाणाऱ्या. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांत दसऱ्यानंतर कोयते बाहेर पडतात, नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता, आणि परत येईपर्यंत उन्हाळा लागलेला असतो. २६ जानेवारीच्या सभेत त्या असूच शकत नाहीत. अशा गावात वर्षाची मुख्य सभा १५ ऑगस्टच्या आधीची धरा. १ मेच्या सभेला कोणकोण परतले ते बघा, आणि जाताना त्यांचे विषय लेखी घेऊन ठेवा.

तृतीयपंथी व्यक्तींबद्दल गावात प्रश्न निघतो: ही महिला सभेत बसणार का? सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्वतःची लिंगओळख स्वतः सांगण्याचा हक्क मान्य केला. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकमध्ये अंजली पाटील यांचा महिला राखीव जागेवरचा अर्ज फेटाळला गेला होता. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांना महिला म्हणून लढू दिले आणि त्या निवडूनही आल्या. जिथे उमेदवारी चालते तिथे सतरंजीवर बसण्याला हरकत कशाची? मात्र हे सभेच्या दिवशी सगळ्यांसमोर चर्चेला काढू नका. वस्तीबैठकांतच बोलून घ्या. भर सभेत एखाद्या माणसाच्या असण्यावर मत मागणे हाच अपमान आहे.

वस्तीबैठका

सभेच्या आधी चार ते सहा छोट्या बैठका. दहा-पंधरा जणी, पाऊण तास, त्यांच्याच वस्तीत. तांड्यावर गोरमाटी, पाड्यावर पावरी, कोरकू किंवा गोंडी, मोहल्ल्यात दखनी, जी बोली चालते तिच्यात बोलू द्या. लिहून घेणारी त्याच वस्तीतली हवी. बाहेरच्या बाईने प्रमाण मराठीत विचारले की उत्तरही तिला आवडेल तेच येते.

‘तुमच्या समस्या काय?’ असे विचारू नका. त्यावर रस्ता, गटार, लाइट ही ठरलेली यादी मिळते. दिवसाचे काम विचारा. काल पहाटेपासून रात्रीपर्यंत काय काय केले? त्यात सर्वांत जास्त वेळ कशाला गेला? कुठे जायची भीती वाटते? कशासाठी कोणाच्या पाया पडावे लागते? चौथ्या प्रश्नाला खरी उत्तरे येतात: रेशनच्या दुकानात, उताऱ्यासाठी, नळाचा कॉक फिरवणाऱ्याकडे. पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला बहुतेक गावांत दलित वस्तीच असते आणि तिथवर पाणी पोचेपर्यंत वरच्या आळीतल्या मोटारींनी ते ओढलेले असते. गावठाणातल्या बाईला हा प्रश्नच वाटत नाही, कारण तिच्या नळाला पाणी आहे. म्हणून आधी वेगळ्या बैठका आणि मग एकत्र सभा. पहिल्याच दिवशी सगळ्यांना एकत्र बसवले तर ज्यांच्या मळ्यात मजुरी करायची त्यांच्यासमोर कोणी तोंड उघडत नाही.

प्रत्येक वस्तीने तीनच विषय आणि ते मांडणाऱ्या दोघी ठरवाव्यात. दोघी अशासाठी की एकीला ऐन वेळी घरातून अडवले तरी दुसरी असते.

जागा, वेळ, बैठक

शाळेचे पटांगण किंवा अंगणवाडीसमोरची जागा उत्तम. देऊळ नको, कोणाचा वाडा नको, आणि पंचायतीचे कार्यालय वरच्या मजल्यावर असेल तर तेही नको. जवळ चालू शौचालय हवे. कुलूप असेल तर किल्ली आदल्या दिवशीच घेऊन ठेवा. पायरी असेल तिथे चाकाच्या खुर्चीसाठी फळी टाका, चढ फार उभा नको: एक फूट उंचीला बारा फूट लांबी हे प्रमाण धरतात. तेवढी फळी मिळत नसेल तर सभाच सपाट जागी घ्या.

वेळ विचारूनच ठरवा. मजुरीच्या गावात संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ बरी पडते, फक्त परतीच्या वाटेवर उजेड आणि मळ्यातल्या बायकांना सोबत हवी. पेरणी, कापूसवेचणी आणि बाजाराचा दिवस टाळा. सात दिवस आधी नोटीस लागायला हवी. ग्रामसेवकांना (नवे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) तारखेचे पत्र द्या आणि पोच घ्या. दवंडी प्रत्येक वस्तीच्या आत फिरली पाहिजे, नुसती चावडीपाशी नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबू नका, बऱ्याच घरांत फोन नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असतो.

बसण्याची मांडणी हा या कामाचा गाभा. खुर्च्या ठेवल्या की त्या आपोआप पुढारणींच्या होतात, बाकीच्या जमिनीवर, आणि काही जणी दाराबाहेर उभ्या. सगळ्यांसाठी सतरंज्या आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी कडेला चार-पाच खुर्च्या, एवढेच. एका बाईला गोलात दोन फूट जागा लागते. साठ जणींचा एकच गोल केला तर तो अडतीस फूट रुंद होतो आणि समोरचीचा आवाज येत नाही. दोन गोल करा: आत पंचवीस, बाहेर पस्तीस. मग पंचवीस फूट लांब-रुंद जागेत सभा बसते आणि माइक लागत नाही. माइक आला की ज्यांना सवय आहे त्याच बोलतात. आतल्या गोलात वस्त्यांच्या मांडणाऱ्या जणी बसतील. शंभराच्या वर बायका येणार असतील तर मात्र माइक लागेल. तो हातोहात फिरवा, एका जागी उभा करू नका.

पाण्याचा एकच हंडा आणि तेच पेले सगळ्यांना. चहा एकाच पातेल्यातला. चहा कोणी केला यावरून न घेणाऱ्या बायका अजून आहेत, आणि हे सभेत दिसले की पुढची एकी तिथेच मोडते. म्हणून चहा करणाऱ्या जणी वेगवेगळ्या वस्तीतल्या ठरवा आणि हे आधी सांगून ठेवा. लहान मुले सांभाळायला शेजारच्या खोलीत दोन-तीन पुरुष: शिक्षक, युवक मंडळाची मुले, कोणाचा नवरा. पुरुषांचे या सभेतले खरे काम हेच, आणि ते जे करतात त्यांचे आभार इतिवृत्तात लिहावेत. सभेच्या आत इतिवृत्त लिहिणाऱ्या ग्रामसेवकाखेरीज पुरुष नको. महिला सरपंचाचे यजमानही नकोत. त्यांना दारातच नम्रपणे मुले सांभाळायला बोलवा.

हळदी-कुंकवाने सभा सुरू करू नका. त्या एका रिवाजाने विधवा बायका पहिल्या पाच मिनिटांत बाहेर पडतात आणि मुस्लिम, बौद्ध, ख्रिस्ती बायका अवघडतात. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव ग्रामसभेत केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर पंचायतींनाही तसे करायला सांगणारे परिपत्रक काढले. तुमच्या गावात तो ठराव झाला नसेल तर यादीत घाला. झाला असेल तर विचारा की त्यानंतर गावात किती मयती झाल्या आणि त्या बायकांच्या हातात बांगड्या राहिल्या का. संक्रांतीच्या सुमारास सभा असेल तर तिळगूळ द्या, प्रत्येकीला, एकाच हाताने.

सभेचे दोन तास

सुरुवातीची दहा मिनिटे मागच्या सभेचे ठराव आणि त्यांचे काय झाले याचे वाचन. मग वस्त्यांची मांडणी, सर्वांत लहान वस्तीने आधी बोलायचे, गावठाणाने शेवटी. हा क्रम बदलू देऊ नका. उलटा केला की वेळ संपते ती नेहमी पाड्याच्या पाळीला. प्रत्येक वस्तीला सहा मिनिटे; मध्ये बोलायचे नाही, उत्तर द्यायचे नाही. जी कधीच बोलली नाही तिच्याकडे बघून ‘तुम्ही बोला ना’ असा आग्रहही करू नका. शेजारणीने तिचे म्हणणे सांगितले आणि तिने मान डोलावली, एवढेही पुरते.

मग निवड. बारा ते अठरा विषय निघतात, ठराव पाच-सहाच नीट होतात. हात वर करून मत घेतले तर मालकिणीचा हात बघून मजुरणीचा हात वर जातो. चिंचोके वापरा. विषयाला एक मडके किंवा डबा, त्यावर चित्र: नळ, दिवा, दवाखाना, बाटली, घर. प्रत्येकीला पाच चिंचोके, एका विषयावर जास्तीत जास्त दोन. डबे पडद्याआड ठेवा आणि एकेकीने जाऊन टाकावेत. साठ जणींना वीस-पंचवीस मिनिटे लागतात. अंध बाईला डब्यांचा क्रम आधी हाताने दाखवा. मोजणी सगळ्यांसमोर.

एक धोका इथे आहे. बहुसंख्येने निवडले तर ज्या वस्तीत आठच घरे आहेत तिचा विषय कधीच वर येणार नाही, आणि सगळी पद्धत नीट पाळूनही ती वस्ती पुन्हा बाहेर राहील. म्हणून नियम: चिंचोक्यांनी वर आलेले विषय घ्यायचेच, शिवाय प्रत्येक लहान वस्तीचा पहिला विषय मोजणीत कितीही खाली असला तरी ठरावात जाणार. हा नियम सभेच्या सुरुवातीला सांगा, मोजणीनंतर नाही. नंतर सांगितला की ती मेहरबानी वाटते.

घरातल्या मारहाणीचे प्रकरण सभेत निघाले तर नाव घेऊ देऊ नका. बाईला तिथे धीर मिळतो, पण रात्री ती त्याच घरी जाणार असते, आणि सभेतली गोष्ट तिच्या आधी घरी पोचते. तिला दोघींनी बाजूला नेऊन बोलावे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे आणि तातडीची मदत ११२ वर. हे क्रमांक मात्र मोठ्याने वाचा आणि भिंतीवर लिहा. ठराव सर्वसाधारण ठेवायचा: पंचायतीच्या भिंतीवर क्रमांक रंगवणे, संरक्षण अधिकाऱ्याला गावात बोलावणे.

ठराव कसा लिहायचा

‘महिलांसाठी पाण्याची सोय करण्यात यावी असे सर्वानुमते ठरले.’ हा ठराव नाही. यातून कोणावर काहीच बंधन येत नाही. ठरावात काय, कुठे, किती, कोणत्या पैशातून, कोण आणि कधीपर्यंत, या सहांची उत्तरे हवीत. उदाहरणार्थ: ‘मागासवर्गीय वस्तीतील सार्वजनिक शौचालय ते अंगणवाडी या रस्त्यावर चार पथदिवे बसवावेत, खर्च मागासवर्गीयांसाठीच्या १५ टक्के राखीव रकमेतून करावा, अंदाजपत्रक पुढील मासिक सभेत ठेवावे, काम ३१ जानेवारीपूर्वी पूर्ण करावे, जबाबदारी सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांची.’ खाली सूचक आणि अनुमोदक. सूचक एका वस्तीतली, अनुमोदक दुसऱ्या वस्तीतली ठेवा. दलित वस्तीच्या दिव्यांना मराठा आळीतली बाई अनुमोदन देते आणि मळ्यातल्या रस्त्याला तांड्यावरची, तेव्हा दुसऱ्या दिवशी ‘हा त्यांचा विषय’ म्हणून तो बाजूला सारता येत नाही. एकजूट कागदावर उतरते ती या दोन नावांत.

पैशाचे गणित आधी करून या. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून महिला व बालकल्याणावर १० टक्के, मागासवर्गीयांवर १५ टक्के आणि दिव्यांगांवर ५ टक्के खर्च करायचा असतो. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडे मिळून गावाचे उत्पन्न ६ लाख असेल तर अनुक्रमे ६०,०००, ९०,००० आणि ३०,००० रुपये. गेल्या तीन वर्षांचा या तीन शीर्षांखालचा खर्च लेखी मागा. महिलांच्या १० टक्क्यांत बहुतेकदा शिलाई मशीन, ८ मार्चचा नाश्ता आणि अंगणवाडीच्या फरश्या सापडतात. तो पैसा कशावर जावा हे ठरवण्याची जागा ही सभा आहे. या रकमेत बसत नाही असे मोठे काम ‘आमचा गाव, आमचा विकास’ या वार्षिक आराखड्यात घालावे लागते. आराखड्याची तयारी २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते, म्हणून ऑगस्ट आणि ऑक्टोबरच्या महिला सभा सर्वांत मोलाच्या. जानेवारीत मागणी केली की ‘आराखडा गेला’ हे उत्तर मिळते आणि ते खरेही असते.

ठराव सभेतच लिहून, मोठ्याने वाचून, मग सह्या. कोऱ्या पानावर किंवा आधीच्या हजेरीपत्रकावर सही करायची नाही, हे वस्तीबैठकांतच पक्के करा. शेवटच्या सहीखाली आडवी रेघ मारा म्हणजे नंतर नावे वाढत नाहीत. अंगठ्याजवळ नाव लिहा आणि साक्षीदार म्हणून दुसरीची सही घ्या. पानांचे फोटो तिथल्या तिथे तीन जणींच्या फोनमध्ये.

बिनपैशाचा एक ठराव: घर दोघांचे

याला निधी लागत नाही, तरी तो सर्वांत खोल जातो. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे घरांच्या कर आकारणीच्या नोंदवहीत, पतीबरोबर पत्नीचे नाव लावण्याचा शासन निर्णय २००३ पासून आहे. (हा नमुना ८ आणि मतदार यादीचा नमुना ८ वेगळे, घोटाळा होतो.) पतीच्या संमतीचा अर्ज घ्यायचा, मासिक सभेत नोंद मंजूर करायची आणि उतारा बाईच्या हातात द्यायचा. सभेत ठराव करून गावभर एकदम अर्ज भरा. एकटीने मागितले तर घरात भांडण होते. सगळ्या आळीने मागितले की तो रिवाज होतो. १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मी मुक्ती’ची मोहीम अशीच गावागावांनी चालवली होती, बायकोच्या नावे जमीन करून देण्याची. हेही सांगायला हवे की नमुना ८ हा मालकीचा अंतिम पुरावा नाही. पण उताऱ्यावर नाव असलेल्या बाईला घराबाहेर काढणे अवघड जाते.

विधवेचे नाव सातबाऱ्यावर लावण्यासाठी पतीच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे वारस नोंदीची वर्दी द्यायची असते. दुखवट्यात ते महिने निघून जातात आणि दिराचे नाव आधी लागते. गटातल्या दोघींनी हे काम अंगावर घ्यावे: गावात मयत झाली की तेराव्यानंतर त्या बाईकडे अर्ज घेऊन जायचे.

दुसऱ्या दिवशीची ग्रामसभा

इथे बहुतेक कष्ट मातीला मिळतात. ग्रामसभेची गणपूर्ती (सभा चालायला लागणारी किमान हजेरी) एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. १,८०० मतदारांच्या गावात १०० जण पुरतात, ५०० च्या पाड्यात ७५. काल साठ जणी होत्या आणि त्यातल्या चाळीस आज आल्या तर सभेचा नूर बदलतो. पाच आल्या तर ठराव ‘नोंद घेण्यात आली’ या तीन शब्दांत संपतात. सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली तर पुढच्या सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणजे ती मूठभर माणसांत उरकली जाते. तहकुबीच्या नव्या तारखेची नोटीस तेव्हाच मागून घ्या.

एकत्र चालत जा आणि एकत्र बसा, पण मागच्या भिंतीला लागून नको. महिला सभेच्या ठरावांचे वाचन पहिल्या विषयांत घ्या म्हणून आदल्या दिवशीच लेखी पत्र द्या. ठराव वाचायला वस्तीवार तिघी, आणि प्रत्येकीच्या मागे हो म्हणायला बाकीच्या. ‘बायकांना काय कळतं’ असे कोणी म्हणाले तर त्याच्याशी वाद घालू नका. ‘ठरावाचा क्रमांक काय पडला?’ एवढेच अध्यक्षांना विचारा. क्रमांक पडला म्हणजे नोंद झाली. दलित किंवा पारधी बाई बोलताना हशा झाला, तर त्या क्षणी दुसऱ्या वस्तीतल्या बाईने उठून उभे राहायचे, हे आधी ठरलेले असावे. तिने स्वतः उठायची वेळ येऊ देऊ नका.

अनुसूचित क्षेत्रात, पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या गावांत, पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा घोषित करून घेता येते. तिथे पाड्यातल्या बायकांना मोठ्या गावाच्या सभेपर्यंत चालत जाऊन मागे बसावे लागत नाही, आणि वनहक्क समितीत एक तृतीयांश जागा बायकांच्या असतात. त्या नावापुरत्या भरल्या नाहीत ना ते पाहा.

नंतरचे ४५ दिवस

पंधराव्या दिवशी इतिवृत्ताची प्रत मागा आणि आपल्या फोटोंशी ताडून बघा. देत नसतील तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज, १० रुपयांच्या शुल्कासह. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला शुल्क नाही, म्हणून अर्ज त्या घरातल्या बाईच्या नावाने करता येतो. पण तसे करताना अर्जावर तिचे एकटीचे नाव जाते आणि दबाव तिच्यावर येतो. पाच वस्त्यांतून पाच अर्ज, एकाच दिवशी, हे बरे. उत्तराला ३० दिवस. तिसाव्या दिवशी ठराव मासिक सभेत आले का ते पाहा, आले नसतील तर गटविकास अधिकाऱ्याला पत्र, सोबत ठरावाचा क्रमांक आणि फोटो. पुरेशा कारणाशिवाय ग्रामसभा न घेणाऱ्या सरपंचावर कारवाईची तरतूद कलम ७ मध्येच आहे. पत्रात त्या कलमाचा उल्लेख करा, धमकी देऊ नका.

दबाव कोणत्या रूपात येतो तेही लिहून ठेवतो: मजुरीला बोलावणे बंद, किराणा दुकानातली उधारी बंद, घरकुलाच्या यादीतून नाव मागे. जिच्या मळ्यात मजूर लागतात अशी बाई गटात असेल तर तिचे काम इथे आहे. ज्यांचे काम बंद पडले त्यांना तिने कामावर घ्यायचे. भाषणापेक्षा हे कितीतरी जड आहे, म्हणून गट बांधतानाच त्याबद्दल बोलून घ्यावे.

पंचेचाळिसाव्या दिवशी त्याच वस्त्यांत परत जा, ठराव कुठवर आले ते सांगा, झाले नाही तेही सांगा. मतदार यादीवर नव्या हजेरीची टिंबे द्या. ज्या पानावर अजून टिंब नाही तिथे पुढच्या सभेची पहिली वस्तीबैठक ठेवा, आणि सतरंज्या या वेळी त्याच वस्तीत ठेवायला द्या.